तात्यांच्या सिनेमातली हाळी

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही दोघंही सतत दमलेले असायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात पाळीवर होता आणि मी स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तेव्हा ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. सकाळी कॉलेजची पोरं, दुपारी बायका, संध्याकाळी पतसंस्थेतले क्लार्क. माउस कसा धरायचा हे सांगून सांगून संध्याकाळपर्यंत माझा घसा बसायचा. ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. बऱ्याचदा आमची भेट दारातच व्हायची. मी चप्पल घालत असायचे आणि हे काढत असायचे.

रविवार तेवढा आमचा. क्लासच्या मालकांनी एक किल्ली माझ्याकडे दिली होती, कारण सुट्टीच्या दिवशी मशीनं पुसून, व्हायरस तपासून ठेवायचं काम माझंच होतं. हे सोबत यायचे. माझं काम होईपर्यंत कोपऱ्यातल्या मशीनवर गेम खेळत बसायचे. हातात बंदूक घेऊन बोळाबोळांतून फिरायचं आणि समोर येईल तो राक्षस मारायचा, असला तो गेम होता. हे राक्षस मारता मारता खुर्चीतच पेंगायचे.

एका रविवारी म्हणाले, "ह्ये राक्षस काय कामाचं न्हाईत गं. हितं लांडगं पायजेत."

ह्यांचं गाव वरकुटे. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. नंतर कळप गेला, शेती आली, एका दिरानं ट्रॅक्टर घेतला. पण लहानपणी हे आजोबांबरोबर माळावर राहिलेले. मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. त्या वाघरीच्या बाहेर कुत्री आणि काठी घेऊन आजोबा बसायचे आणि लांडगा आला की कुत्र्यांच्या आधी त्यांना कळायचं, असं हे सांगायचे. तोच खेळ ह्यांना कॉम्प्युटरवर हवा होता. माळ, वाघर, मेंढरं, आणि चारी बाजूंनी येणारे लांडगे.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तो गेम असा होता की त्याची चित्रं आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींत उघडे ठेवलेले होते. आपली फाइल करायची, तिला तेच नाव द्यायचं आणि जुनीच्या जागी ठेवायची. गेमला काही कळायचं नाही, तो आपली फाइल वाजवायचा. हे चित्रांना लागले. पहिला लांडगा गाढवासारखा झाला. दुसऱ्याचे पाय चुकले. पण कामावरून येताना ह्यांच्या डोक्यात तेच असायचं, आणि जेवताना ताटात बोटानं लांडग्याची पाठ काढून दाखवायचे. पुष्कळ दिवसांनी मी ह्यांना असं बघत होते. म्हणून आवाजांचं काम मी घेतलं.

लांडग्याचा आवाज आणायचा कुठून? तेव्हा ह्यांनाच तो सिनेमा आठवला.

हे शाळेत असताना वरकुट्याच्या माळावर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. मेंढपाळांच्या आयुष्यावरचा सिनेमा. काढणारे गृहस्थ इंदापूरचेच. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी आयुष्यात तेवढा एकच सिनेमा काढला. तो थेटरात फार चालला नाही, नंतर जत्रांतून तंबूत दाखवत, आणि पुढे त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली. गर्दीच्या एका दृश्यात हे डाव्या बाजूला उभे आहेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधी सापडले नाहीत.

आम्ही कॅसेट भाड्यानं आणली, शेजाऱ्यांचा व्हीसीआर उचलून क्लासमध्ये नेला आणि एका वायरीनं कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या भोकात जोडला. लांडग्याचं ओरडणं मिळालं. मेंढरांचं बें बें, कुत्र्यांचं भुंकणं, काठीचा दणका, सगळं मिळालं. आणि एक हाळी मिळाली. सिनेमात कळप उधळतो तेव्हा नायिका उंचवट्यावर उभी राहून मेंढरांना हाकारते. मागं संगीत नाही, नुसता वारा आणि ती लांबलचक हाळी. शेवटी आवाज जरा फाटतो. ती मी खेळणारा पडतो त्या जागी ठेवली. लांडग्यानं गाठलं की पडदा लाल व्हायचा आणि लांबून ती बाई हाकारायची. फार चपखल बसली होती. क्लासमधली पोरं ती ऐकायला मुद्दाम मरायची.

पोरांनी तो गेम फ्लॉप्यांवर घालून नेला. त्यातल्याच एकानं तो मुंबईच्या एका कॉम्प्युटर मासिकाला पाठवला. त्या मासिकाबरोबर सीडी मिळायची. काही दिवसांनी क्लासमध्ये फोन आला. बोलणाऱ्या बाई तिथल्या संपादक होत्या.

"मॅडम, तुमचा मॉड आम्हाला फार आवडला."

"माझा काय?"

"मॉड. मूळ गेममध्ये बदल करून केलेल्याला मॉड म्हणतात. आम्हाला सीडीवर घ्यायचाय. चित्रं कुणाची?"

"माझ्या मिस्टरांची."

"आणि आवाज?"

मी खरं ते सांगितलं.

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या. "सिनेमातल्या आवाजांवर कुणाचा तरी कॉपीराइट असणार. घरी खेळलात तर कोणी विचारत नाही. पण आम्ही हजारो लोकांना वाटणार. हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची लेखी परवानगी आणा."

"लांडग्याच्या ओरडण्यावर हक्क असतो का हो?"

"लांडग्याच्या नाही मॅडम. ते ज्यानं रेकॉर्ड केलं त्याच्या रेकॉर्डिंगवर असतो."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे सकाळच्या पाळीवरून येऊन भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "मागू की परवानगी. न्हाय कोण म्हणतंय?"

नाही कुणीच म्हटलं नाही. हो पण कुणी म्हटलं नाही. कॅसेटच्या खोक्यावर मुंबईच्या एका कंपनीचं नाव होतं. मी दुपारच्या सुट्टीत एसटीडी बूथवर जाऊन फोन लावायला लागले. पहिल्यांदा ज्यांनी उचलला त्यांनी दुसऱ्यांना द्यायला सांगितलं. दुसरे जेवायला गेले होते. मग एकजण म्हणाले, आमच्याकडे फक्त कॅसेटचे हक्क आहेत, सिनेमाचे दुसऱ्या कंपनीला दिलेत. त्या दुसऱ्या कंपनीत ज्यांनी फोन घेतला त्यांनी असा काही सिनेमा आपल्याकडे असल्याचं ऐकलंच नव्हतं. त्यांनी अर्ज करायला सांगितलं. मी केला. पुन्हा फोन केला तर म्हणाले, नुसते आवाज कुणी मागत नाही, त्याचं आमच्याकडे काही ठरलेलं नाही. बूथच्या काचेत मी उभी, बाहेर दोघंतिघं ताटकळलेले, आणि मी ओरडून सांगतेय, "मेंढरांचा आवाज! मेंढरांचा!" क्लासमधल्या दुपारच्या बायका मला त्यावरून चिडवायच्या.

मी ह्यांना म्हटलं, "जाऊ द्या आता. मला नाही होत."

"तात्यांना एकदा इचारू," हे म्हणाले. "ज्यानं काढला त्याला तर म्हाईत आसंल."

साप्ताहिक सुट्टीला आम्ही इंदापूरला गेलो. वाटेत सणसर लागतं. ते माझं माहेर. पण उतरलो नाही. उतरलो असतो तर दिवस गेला असता. बसमध्ये हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. इंदापुरात तात्यांच्या मुलाचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि तात्या दुकानाच्या मागच्या खोलीत असायचे. सत्तरीचे असतील. अंगात स्वच्छ पांढरा सदरा. ह्यांनी पाया पडून वरकुट्याचं घर सांगितलं, आजोबांची ओळख दिली. तात्या खुलले.

"म्हंजी तू त्यांचा नातू? तुमच्याच आज्ज्याची मेंढरं व्हती रं शूटिंगला. लई वैतागला व्हता म्हातारा. म्हणला, तात्या, माझी मेंढरं तुमच्या लायटीनं आंधळी व्हतील."

हे हसले. मग मी कामाचं बोलले. कॉम्प्युटर, गेम, मासिक, परवानगी. तात्यांना गेम म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण परवानगी हा शब्द पुरता कळला.

"पोरी, माझ्याकडं आता काय ऱ्हायलं न्हाय," ते म्हणाले. "निगेटिव्हसकट सगळं लिहून दिलं. माझा सिनेमा मीच कुठं लावायचा म्हटलं तरी मला त्यांना इचारावं लागंल. मी सही दिली तरी तिची किंमत शून्य."

आम्ही उठलो. तात्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पर मला बघायचंय ते. काय केलंय तुमी माझ्या सिनेमाचं."

पुढच्या रविवारी ते एकटे एसटीनं बारामतीला आले. हे त्यांना स्टँडवरून घेऊन आले. मी खुर्ची पुसून मशीनसमोर ठेवली, स्पीकर लावले. तात्या काठी मांडीवर आडवी घेऊन बसले. हे खेळायला लागले आणि मी बाजूला उभी राहून काय चाललंय ते सांगत होते. माळ दिसला. वाघर दिसली. तात्या पुढं झुकले.

"ह्यो आमचाच लांडगा," आवाज येताच ते म्हणाले. "ह्यो खरा न्हाय बरं का. स्टुडिओत व्हता तयार, तितनं घातला. आमी माळावर महिनाभर ऱ्हायलो, पर एक लांडगा ओरडला न्हाय."

म्हणजे त्या लांडग्याचा हक्क आणखी तिसऱ्याच कुणाकडे होता. मला हसू आलं आणि थकल्यासारखंही झालं.

तेवढ्यात ह्यांना लांडग्यानं गाठलं. पडदा लाल झाला आणि हाळी आली.

ह्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. ह्यांनी पुन्हा डाव सुरू केला आणि तात्यांना सगळं दाखवायच्या नादात लगेच पुन्हा पडले. पुन्हा हाळी. तिसऱ्यांदा पडले तेव्हा तात्यांनी हात वर केला.

"थांबीव रं लेका. थांबीव त्ये."

ह्यांनी माउस सोडला. मी स्पीकर बंद केले.

"ती नटी न्हाय," तात्या म्हणाले. "ही आमची मंडळी हाय."

मी पाणी आणलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं आणि सांगायला लागले. शूटिंगच्या वेळी त्यांची पत्नी रोज माळावर यायची, सगळ्यांच्या जेवणाचं बघायला. एके दिवशी दिव्यांच्या उजेडानं की कशानं कळप खरोखरच उधळला. ह्यांच्या आजोबांना आवरेना. मेंढरं विहिरीच्या बाजूला पळत सुटली. तेव्हा ही बाई हातातलं टाकून टेकाडावर चढली आणि तिनं हाकारलं. माहेरी तिच्याही मेंढरं होती. कळप वळला. आवाज घेणाऱ्या माणसाचं यंत्र त्या वेळी चालू होतं. नंतर नटीच्या तोंडी तीच हाळी घातली.

"सिनेमाच्या पाटीवर तिचं नाव घालू म्हटलं मी. तर म्हणली, नगं, लोक काय म्हणतील. सिनेमात वरडली म्हणतील." तात्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. "गेली ती. आता बरीच वर्षं झाली. मी हक्क इकले तवा त्या कागदात ह्यो आवाजबी गेला. तवा माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

हे खाली बघत होते. त्या बाईचा आवाज आम्ही माणूस मरतो तिथं लावला होता, आणि क्लासमधली पोरं तो ऐकून टाळ्या पिटत होती.

"कायद्यानं मी तुमाला न्हाय म्हणू शकत न्हाय," तात्या म्हणाले. "हो म्हणायचाबी मला अधिकार न्हाय. पर माणूस म्हणून सांगतो. बाकी काय करायचं ते करा. ह्यो तेवढा काढा. ती मेंढरं वाचवाय वरडली व्हती."

"काढते," मी म्हटलं.

त्यांच्यासमोरच काढली. फाइल पुसताना मशीननं नेहमीप्रमाणे विचारलं, नक्की ना? मी होय दाबलं. त्यांना स्टँडवर सोडून हे परत आले आणि पायरीवरच बसले.

"आता सगळंच काढून टाकू," हे म्हणाले. "लांडगा स्टुडिओचा, कुत्री कंपनीची. आपलं काय हाय त्यात?"

"तुमची चित्रं आहेत."

"गाढवं हायती ती."

मग आम्ही आमचे आवाज घ्यायला लागलो. त्यात पुष्कळ रविवार गेले. माझ्या भावाचा टेपरेकॉर्डर घेऊन वरकुट्याला जायचो. माळावर उतरलेल्या एका मेंढपाळ कुटुंबाकडे मेंढरांचा आवाज घ्यायला गेलो, तर शेजारच्या शेतातली मोटर थांबेना. मोटर थांबली तर वारा सुटला. मी पदर टेपवर धरून बसले. कुत्री आम्हालाच भुंकली, ते मात्र छान मिळालं. काठीचा दणका हौसेनं दिरानं दिला, पोत्यावर. लांडगा काही मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत माळावर बसून राहिलो आणि शेवटी ह्यांनीच तोंडाशी हात नेऊन लांडगा काढला. पहिल्या खेपेला मला इतकं हसू आलं की टेपवर माझंच हसणं आलं. दुसऱ्या खेपेला बरा आला. सर्दी झालेल्या कुत्र्यासारखा वाटायचा, पण आमचा होता.

खेळणारा पडतो तिथं आम्ही काहीच ठेवलं नाही. नुसता पडदा लाल व्हायचा. क्लासमधली पोरं तक्रार करायला लागली. "मॅडम, ती बाई कुठं गेली?" ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉप्या होत्या ते जुनाच गेम खेळत राहिले. मी त्यांना फ्लॉप्या परत मागितल्या. काहींनी आणून दिल्या, काहींनी हो हो म्हटलं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेलेलं कुठवर गोळा करणार? एकदा बसमध्ये मागच्या बाकावर दोन अनोळखी पोरं त्या हाळीची नक्कल करत होती. मी मान वळवली नाही. सणसर येईपर्यंत खिडकीतून ऊस बघत बसले.

त्याच सुमारास तात्यांचा क्लासवर फोन आला. मला वाटलं, त्यांच्याही कानावर कुठूनतरी ते गेलं. पण तसं नव्हतं. आवाज अगदी हळू काढून म्हणाले, "पोरी, त्ये तू पुसलंस का समदं?"

"पुसलं तात्या. तुमच्यासमोरच."

"परत घेता यील का? त्या कॅसेटीतनं? मला एकट्याला ऐकायचंय. सिनेमा लावला की आदी दीड तास बसावं लागतंय, आन घरात पोरंसोरं असत्यात."

आम्ही पुन्हा कॅसेट आणली, व्हीसीआर आणला, वायर जोडली. ह्या वेळी मी ती हाळी ऑडिओ कॅसेटवर घेतली. एकदा, जरा थांबून पुन्हा एकदा, अशी करत पूर्ण बाजूभर भरली. म्हणजे त्यांना मागं-पुढं करत बसावं लागू नये. परवानगीचा विचार माझ्या मनात आला होता. ह्यांच्याही आला असणार. पण त्या कंपनीच्या माणसाला बूथमधून ओरडून काय सांगायचं होतं? आम्ही दोघं त्यावर बोललो नाही.

तात्या स्वतः न्यायला आले. मी विचारलं, "ऐकून बघता का?"

"नगं. हितं नगं." त्यांनी कॅसेट सदऱ्याच्या खिशात घातली आणि वर हात ठेवला. ह्यांना विचारलं, "इंदापूर गाडी कितीला हाय रं?" चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर आमची त्यांची भेट झाली नाही. त्यांनी ती ऐकली का, कितीदा ऐकली, ते मला माहीत नाही. त्यांच्या मुलाच्या दुकानावरून नंतर एक-दोनदा जाणं झालं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

नवे आवाज घालून मॉड मुंबईला पाठवला. सोबत कागद द्यायचा होता, की यातले सर्व आवाज आमचे स्वतःचे आहेत. आम्ही दोघांनी सह्या केल्या. हे सही करताना म्हणाले, "लांडगा म्हणून सही करू का?"

संपादकबाईंचा फोन आला. त्या जरा निराश वाटल्या. "चांगलं केलंत. पण मॅडम, पहिल्यातली ती हाक फार परिणामकारक होती हो. परवानगी नाहीच मिळाली?"

"नाही मिळाली," मी म्हटलं. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

सीडी आली तोवर तो गेम जुना झाला होता. पोरं दुसऱ्या कुठल्यातरी गेमला लागली होती, त्यात एकमेकांना मारता यायचं. आमचं नाव सीडीवर एका फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये, इतर पुष्कळ नावांबरोबर होतं. कौतुक करणारं पत्र-बित्र काही आलं नाही. नागपूरहून एका मुलाचा फोन आला. त्याला एवढंच विचारायचं होतं की, यातलं कुत्रं असं का रडतं.

सीडी आमच्या घरात बरेच दिवस कपाटावर पडून होती, कारण घरी कॉम्प्युटर नव्हता आणि रविवारी ह्यांना जादा पाळ्या लागायला लागल्या होत्या. एका दुपारी ह्यांना जरा लवकर सोडलं. अंगाला दुधाच्या पावडरीचा वास, डोळे तांबारलेले, तसेच ते क्लासवर आले. बॅच सुटली होती. मी सीडी घातली आणि आम्ही दोघं एकाच खुर्चीला टेकून उभे राहिलो. माळ आला, वाघर आली, मागून भुंकणारी कुत्री आली. मग ह्यांचा लांडगा ओरडला.

"बरा वरडलोय की," हे म्हणाले.

"बराच," मी म्हटलं.

थोडा वेळ खेळले. पडले. पडदा लाल झाला, आवाज काही आला नाही. ह्यांनी जांभई दिली आणि म्हणाले, "बंद कर आता. घरी जाऊन पडू." मी मशीन बंद केलं, पंखा बंद केला, आणि आम्ही कुलूप लावून निघालो.